पूलवर पिवळा तवंग आलाय? शॉकची पिशवी आधी खाली ठेवा

२०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, रविवारी. अटलांटाजवळ जॉन्स क्रीकमधलं हे घर घेऊन आम्हाला जेमतेम चार महिने झालेले, मागे पूल असलेलं आयुष्यातलं पहिलंच घर, त्यामुळे गुढी हौसेने पूलच्या कडेला डेकवर उभारली. संध्याकाळी उतरवायला गेले तर तांब्यावर बोटाने नाव गिरवता येईल एवढी पिवळी पूड, खणाच्या प्रत्येक चुणीत पूड, साखरेच्या गाठी तर फेकूनच द्याव्या लागल्या. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या होत्या, चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर जेजुरीच झाली की तुमची."

त्यात अतिशयोक्ती काहीच नव्हती. आदल्या दिवशी, २९ मार्चला, अटलांटाचा पोलन काउंट १४,८०१ होता, म्हणजे एका घनमीटर हवेत तेवढे परागकण. १५०० च्या वर गेला की त्याला अति म्हणतात! आधीचा रेकॉर्ड २०१२ च्या मार्चमधला ९,३६९ चा, तो पार मागे पडला. आणि हे सगळं कुठेतरी पडणारच, गाडीवर, डेकवर आणि तुमच्या पूलमध्ये.

त्या आठवड्यात मी काय केलं ते आधी सांगते, कारण नव्याने पूलवालं घर घेणारे सगळे बहुतेक हेच करतात. पाणी पिवळं दिसलं, मी घाबरले, बाटलीत पाणी भरून एका पूल स्टोअरमध्ये गेले, तिथल्या मुलाने बाटली उन्हात धरून बघितली आणि शेवाळ आहे म्हणून शॉकच्या, म्हणजे कडक क्लोरीन पावडरीच्या, सहा पिशव्या, अल्गीसाइडची (शेवाळ मारायच्या औषधाची) बाटली आणि पाणी नितळ करणारं क्लॅरिफायर असं दीडशे डॉलरच्या वरचं बिल हातात दिलं. त्यातलं बरंचसं ओतलं. दुसऱ्या दिवशी पूल तेवढाच पिवळा, वर थोडा फेस. परत दोन पिशव्या टाकायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही पूड आहे ना? मग गाळायचं सोडून औषधं कसली पाजतेस त्याला?"

झालं, एवढंच आहे हे सगळं प्रकरण. पोलन मारायचं नसतं, गाळायचं असतं. परागकणाच्या बाहेरच्या कवचात स्पोरोपोलेनिन नावाचं जे द्रव्य असतं ते निसर्गातल्या सगळ्यात चिवट गोष्टींपैकी एक, तळ्यांच्या गाळात हजारो वर्षं ते तसंच टिकतं आणि त्यावरून शास्त्रज्ञ लोक त्या काळी तिथे कोणती झाडं होती ते ओळखतात. आता जे हजारो वर्षं विरघळलं नाही ते तुमच्या शॉकच्या पिशवीने रात्रीत विरघळणारे का? तर खाली जे लिहिलंय त्यातला बराचसा भाग गाळण्याचाच आहे, औषधांचा थोडा.

आधी खात्री करा की पोलनच आहे

पिवळं दिसणारं दुसरंही एक असतं, पिवळं शेवाळ, इथे त्याला मस्टर्ड अल्गी म्हणतात, आणि त्याला मात्र खरंच क्लोरीन लागतं. त्यामुळे ओळखणं महत्त्वाचं.

पोलन पाण्यावर तवंगासारखं तरंगतं, वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होतं, टाइल्सच्या कडेला पिवळी रेघ सोडतं, आणि पंप बराच वेळ बंद असला की भिजून खाली बसतं, ते पण सगळीकडे सारखं. शेवाळ भिंतीला धरून असतं, विशेषतः ज्या बाजूला सावली असते तिथे आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात, ब्रश मारला की धुरासारखं उडतं आणि एक-दोन दिवसात बरोब्बर त्याच जागी परत येतं. आणि बाहेरची खूण विसरू नका, गाडीच्या काचेवर, पत्रपेटीवर, शेजाऱ्याच्या ट्रॅम्पोलिनवर तीच पूड असेल तर पूलमध्ये वेगळं काय येणार.

तरी शंका असेल तर रात्रीची टेस्ट करा. सूर्य मावळल्यावर फ्री क्लोरीन, म्हणजे पाण्यात कामासाठी शिल्लक असलेलं क्लोरीन, मोजा, पंप चालू ठेवा, काही टाकू नका, सकाळी ऊन पडायच्या आत परत मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे क्लोरीन खाणारं पाण्यातलंच काहीतरी असणार. फरक १ पीपीएमच्या (दहा लाखात एक भाग) आत असेल तर शेवाळ नाही, निवांत गाळायला लागा. दोन-तीनने उतरलं असेल तर काहीतरी जिवंत आहे आत, मग वेगळी लढाई. त्यासाठी टेस्ट किट थेंबांचं घ्या, कागदी पट्ट्यांवरून एक आणि दोनमधला फरक मला तर आजवर कळलेला नाही, नवऱ्याला कळतो म्हणतो तो.

तुमचा फिल्टर कोणता आहे ते बघा

हे घर घेताना कोणी सांगत नाही आणि नंतर सगळं यावरच अडतं. पंपाशेजारी मोठं पिंप असतं तो फिल्टर. वर किंवा बाजूला पाच-सहा पोझिशनचा दांडा असेल तर बहुतेक सँड फिल्टर. दांडा नसून मधोमध पट्टा आवळलेला उंच डबा असेल तर बहुतेक कार्ट्रिज. तिसरा डीई, म्हणजे आत पांढरी पूड बसवलेल्या जाळ्या असतात, लेबलवर लिहिलेलं असतं.

आता गणित बघा. सँड फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पकडतो, कार्ट्रिज १० ते २०, डीई ३ ते ५. पाइनचा परागकण ५० च्या वरचा असतो, म्हणजे तो तिन्हीत अडकतो. पण ओकचा तीसच्या आसपास आणि बर्चचा त्याहून लहान, ते सँड फिल्टरमधून निसटून रिटर्नमधून परत पूलमध्ये येऊ शकतात. म्हणून सँडवाल्यांची तक्रार असते की मार्चमध्ये पूल साफ झाला आणि एप्रिलमध्ये परत गढूळ झाला. पूल तोच असतो, झाड बदललेलं असतं.

पाइनची अजून एक गंमत म्हणजे त्याच्या कणाला दोन बाजूंना हवेच्या दोन पिशव्या असतात, सूक्ष्मदर्शकाखाली मिकी माउसच्या कानांसारख्या दिसतात. त्यामुळेच तो हवेत लांबवर जातो आणि पाण्यावर तरंगत राहतो. हे आपल्या फायद्याचं आहे! जोवर वर तरंगतंय तोवर उचलणं सोपं, एकदा खाली बसलं की मग कंबर मोडते.

काय काय आणून ठेवायचं

फेब्रुवारी संपायच्या आत आणा, नंतर दुकानात मिळत नाही. बारीक जाळीचं स्किमर नेट, साधं पानं काढायचं नेट असतं ना त्याच्या भोकांतून पोलन आरामात निघून जातं. स्किमर सॉक्स, म्हणजे स्किमरच्या (पूलच्या भिंतीतलं वरचं पाणी ओढून घेणारं तोंड) बास्केटवर चढवायचे ताणणारे नायलॉनचे मोजे, निदान डझनभर. लांब दांड्याचा ब्रश. थेंबांचं टेस्ट किट. लिक्विड क्लोरीनचे दोन-तीन गॅलन. आणि एन९५ मास्क, तो पूलसाठी नाही तुमच्यासाठी.

सॉक्स संपले तर जुन्या पँटीहोजचा पाय कापून बास्केटवर ओढा, अगदी तेच काम करतो. सासूबाईंनी चक्का टांगायचं फडकं देऊ केलं होतं, मी पण लावून बघितलं, पण सुती कापड भिजलं की इतकं घट्ट होतं की पंपाला पाणीच मिळेना. नायलॉनच घ्या.

रोजचं काम

सीझन म्हणजे आमच्याकडे साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत. उत्तर कॅरोलायनात, रॅली-शार्लटकडे, थोडं उशिरा सुरू होतं एवढंच.

आधी पाण्याची पातळी बघा. स्किमरचं जे चौकोनी तोंड असतं भिंतीत, त्याच्या मध्यावर पाणी पाहिजे. जास्त झालं तर वरचा तवंग आत ओढलाच जात नाही, ते छोटं दार असतं ते नुसतं बुडून बसतं. कमी झालं तर पंप हवा ओढतो. बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं, केला की पातळी उतरते हे लोक विसरतात आणि मग पंप घरघर करायला लागला की टेक्निशियनला फोन.

मग रिटर्नची तोंडं. भिंतीत जिथून पाणी परत पूलमध्ये येतं तिथे फिरणारा डोळा असतो, तो सैल करून जरासा वर आणि सगळे एकाच दिशेला वळवा, म्हणजे पाणी वर हलतं आणि गोल गोल फिरत तवंग स्किमरकडे नेतं. चहात साखर ढवळल्यावर चहाची पावडर कशी फिरते तसं. हे काम दोन मिनिटांचं आहे, फुकट आहे, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडला. घर बांधल्यापासून आमचे सगळे रिटर्न खाली तोंड करून होते बहुतेक, म्हणून वरचा तवंग दिवसभर जागच्या जागी डोलत असायचा. पंपाजवळ स्किमर आणि मेन ड्रेनचे (तळाच्या जाळीचे) वेगळे व्हॉल्व्ह असतील तर या दिवसांत स्किमरकडचा पूर्ण उघडा आणि ड्रेनचा अर्ध्यावर ठेवा.

पंप किती वेळ चालवायचा? आधी तुमच्या पूलमध्ये पाणी किती ते काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं फुटात, आणि त्याला साडेसातने गुणा, गॅलन आले. आमचा ३२ बाय १६, सरासरी ५ फूट, म्हणजे १९,२०० गॅलन. पंप मिनिटाला ५० गॅलन ओढत असेल तर सगळं पाणी एकदा फिरायला साडेसहा तासाच्या आसपास. एरवी एक फेरी बास होते, पण पोलनच्या ऐन भरात मी पंप बंदच करत नाही. व्हेरिएबल स्पीड पंप असेल तर बिलाची काळजी करू नका, स्पीड निम्मा केला की वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते. फक्त अगदी हळू स्पीडवर स्किमर वरचं पाणी नीट ओढत नाही, म्हणून मी सकाळी आणि दुपारी दोन-दोन तास जोरात आणि बाकी सगळा वेळ हळू असं ठेवते.

आता नेट मारणं. हे मी पहिले चार दिवस चुकीचं केलं. सकाळी उठल्या उठल्या, वारा सुटायच्या आत, जेव्हा रात्रभरचा तवंग दुधावरच्या सायीसारखा एका बाजूला जमलेला असतो, तेव्हा करायचं. नेट पाण्यात घुसळायचं नाही! घुसळलंत की साय मोडते, कण भिजतात आणि खाली जातात. नेटची पुढची कड जेमतेम बोटभर पाण्यात, आणि अगदी सावकाश, साय काढताना पळी कशी सरकवतो तशी स्वतःकडे ओढत आणायची. नेटवर पिवळा चिखल जमतो, तो पूलच्या कडेवर झटकायचा नाही, लांब गवतात जाऊन नेट उलटं करून पाइपने धुवायचं. मी कडेवर झटकायचे आणि दुपारी वाऱ्याने तो वाळून परत पाण्यात. बारीक जाळीतूनही निसटतंय असं वाटलं तर नेटवरच एक सॉक चढवा, जड होतं ओढायला पण अगदी बारीक पोलनही उचललं जातं.

मग सॉक. पंप बंद करा, स्किमरचं झाकण उघडा, बास्केट काढा, त्यातले ओकचे तुरे टाकून द्या (एप्रिलमध्ये ते तपकिरी सुरवंटासारखे लोंबणारे तुरे पडतात ना, ते बास्केट भरून टाकतात), बास्केटवर सॉक चढवा, परत बसवा, पंप चालू. पहिल्यांदा सहा तासांनी उघडून बघितलं तेव्हा पांढरा सॉक हळदीच्या पिशवीसारखा झालेला, आणि बोटात दाबला तर ओल्या बेसनासारखा लगदा. इतकं सगळं फिल्टरमध्ये जाण्याआधीच अडलं होतं.

पण एक धोका आहे. ऐन भराच्या दिवशी सॉक काही तासांत गच्च होतो, मग पंपाला पाणी मिळत नाही, रिटर्नमधून बुडबुडे यायला लागतात, आणि पंप कोरडा चालला तर सील जळतं, ते काम महागात जातं. म्हणून त्या आठवड्यात दिवसातून निदान दोन-तीनदा सॉक बघायचा. गावाला जाणार असाल, किंवा दिवसभर ऑफिसात असाल आणि घरात कोणी नसेल, तर सॉक काढून ठेवा आणि नुसती बास्केट राहू द्या. भरलेला सॉक धुऊन परत वापरता येतो दोन-चारदा, नंतर तो सैल पडतो.

बॅकवॉश, पण उठसूट नको

फिल्टरवर प्रेशरचा काटा असतो. फिल्टर साफ केल्या केल्या तो कितीवर आहे ते मार्करने पिंपावर लिहून ठेवा, आमचा १२ आहे. तिथून ८ ते १० ने वर गेला की साफ करायची वेळ. त्याआधी नाही. सँड फिल्टर थोडा मळलेला असतो तेव्हा उलट जास्त बारीक गाळतो, कारण अडकलेली घाणच गाळणीचं काम करते. मी पहिल्या आठवड्यात रोज बॅकवॉश करत होते, रोज नुकत्याच धुतलेल्या रेतीतून ओकचं पोलन सुर्रकन परत पूलमध्ये, आणि पाण्याचं बिल वेगळं.

सँडवाल्यांसाठी क्रम असा:

१. पंप बंद. हे आधी. पंप चालू असताना दांडा फिरवलात तर आतलं रबर फाटतं.
२. दांडा बॅकवॉशवर, निळा पाइप लॉनकडे सोडलेला, नाल्यात किंवा रस्त्याच्या गटारात नाही. क्लोरीनचं पाणी ओढ्यात जातं तिथून, आणि तुमच्या काउंटीचा नि एचओएचा (कॉलनीच्या सोसायटीचा) नियम आधी वाचून ठेवा.
३. पंप चालू, काचेच्या नळीतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, दोन ते तीन मिनिटं.
४. पंप बंद, दांडा रिन्सवर, पंप चालू, अर्धा-एक मिनिट. ही पायरी गाळली की रिटर्नमधून पिवळा ढग येतो.
५. पंप बंद, दांडा फिल्टरवर, पंप चालू, काटा बघा, पाण्याची पातळी बघा.

कार्ट्रिजवाल्यांना बॅकवॉश नसतो. पंप बंद करून, वरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडून प्रेशर शून्यावर आल्याची खात्री करून मगच पट्टा सोडवा, नाहीतर झाकण उडतं आणि हा गमतीचा भाग नाही. कार्ट्रिज बाहेर काढून साध्या पाइपने, वरून खाली, एकेक घडी उघडून धुवायचं. साडीच्या निऱ्या विसळतो तसं. प्रेशर वॉशर अजिबात नको, कापड फाटतं. डीईवाल्यांनी बॅकवॉशनंतर नवीन पूड घालायची विसरू नका, आणि घालताना मास्क लावा.

सँडवाल्यांसाठी अजून एक युक्ती, ओकच्या दिवसांत कामाला येते. बॅकवॉशनंतर थोडीशी डीई पूड पाण्यात कालवून स्किमरमध्ये हळूहळू ओता, काटा १ ने वर गेला की थांबा. रेतीवर बारीक थर बसतो आणि गाळण सुधारतं. प्रेशर मग लवकर चढतं, म्हणजे बॅकवॉशही लवकर येतो, ते चालवून घ्यायचं.

क्लोरीनचं काय

आता म्हणाल क्लोरीनचा काहीच संबंध नाही का. आहे. पोलन स्वतः मरत-बिरत नाही, पण ही सगळी सेंद्रिय घाण आहे, थोडंफार क्लोरीन ती खाते, आणि पाणी कोमट व्हायला लागलं की तिच्यावर शेवाळ पोसलं जाऊ शकतं. म्हणून क्लोरीन पडू द्यायचं नाही एवढंच. पीएच ७.४ च्या आसपास. स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवून धरणारं सायन्युरिक ॲसिड, ३० ते ५० पीपीएम. आमचं ४० असतं आणि मी फ्री क्लोरीन ४ ते ६ मध्ये ठेवते. स्टॅबिलायझर असलेल्या पूलमध्ये २ च्या खाली तर कधीच जाऊ देऊ नका.

१० टक्केवालं लिक्विड क्लोरीन एक गॅलन टाकलं की १०,००० गॅलन पाण्यात १० पीपीएम वाढतं. म्हणजे आमच्यासारख्या पूलला अर्धा गॅलन टाकला की अडीचच्या थोडं वर. संध्याकाळी टाका, उन्हात निम्मं उडून जातं. गोळ्या वापरत असाल तर लक्षात ठेवा की त्यांच्यासोबत स्टॅबिलायझरही दर वेळी वाढत जातो आणि तो सहजासहजी उतरत नाही, पाणी काढूनच टाकावं लागतं. सॉल्ट पूलवाल्यांनी "आमच्यात क्लोरीन नाही" असं समजू नका, तुमचा सेल मिठापासून क्लोरीनच बनवतो, आणि मार्चमधल्या थंड पाण्यात बरेच सेल काम बंद ठेवतात, तेव्हा हाताने घालावं लागतं.

आणि हे मात्र गंमत सोडून, दोन प्रकारचं क्लोरीन कधी एकत्र करू नका, शॉकच्या पावडरीचा चमचा गोळ्यांच्या डब्यात घालू नका, आग लागते, स्फोट होतो. ॲसिड आणि क्लोरीन शेजारी शेजारीही ठेवू नका. बादलीत आधी पाणी, मग केमिकल, उलट नाही.

क्लॅरिफायर अगदी शेवटी, पाणी धुरकट राहिलं तरच आणि बाटलीवर लिहिलंय त्याहून थेंबभरही जास्त नाही, जास्त झालं तर तेच पाणी गढूळ करतं आणि फिल्टर चिकट. फ्लॉक नावाचं जे मिळतं ते सगळं तळाला बसवतं, मग ते व्हॅक्यूम करून, फिल्टरचा दांडा वेस्टवर ठेवून, बाहेर काढावं लागतं. कार्ट्रिज फिल्टर असेल तर फ्लॉकच्या वाटेला जाऊ नका, कार्ट्रिजचा चिकट लगदा होतो.

खाली बसलेलं कसं काढायचं

पंप थोडा वेळ बंद ठेवून सगळं बसू द्या, एखादी रात्र. मग सँड किंवा तसाच पाच-सहा पोझिशनचा दांडा असलेला डीई असेल तर दांडा वेस्टवर ठेवून व्हॅक्यूम करा, म्हणजे घाण फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर. अगदी कासवाच्या गतीने, जरा जोरात ओढलंत की सगळं उठतं आणि परत एक रात्र थांबा. पाणी भराभर उतरतं, म्हणून शेजारी नळाचा पाइप पूलमध्ये सोडून ठेवा, आणि तो चालू आहे हे विसरू नका. (आम्ही विसरलो होतो. रात्री अकराला आठवलं.) कार्ट्रिजवाल्यांकडे बहुतेक वेस्टची सोय नसते, त्यांच्यासाठी बारीक जाळीवाला रोबोट बरा.

डेक, पाऊस आणि कव्हर

डेकवरची पूड पाइपने पूलमध्ये धुऊन सोडू नका, हे वाचायला वेडेपणाचं वाटतं पण उतार तिकडेच असतो आणि हातून होतं. घराकडून बाहेर, गवताकडे धुवा. लीफ ब्लोअर कोरड्या पोलनवर मारलात तर पिवळा ढग उठतो आणि पाच मिनिटांत परत पाण्यावर, वर तुमच्या नाकात. पाऊस पडला की हवा साफ होते, काउंट उतरतो, सगळे खूश, पण छपरावरचं नि झाडावरचं सगळं धुऊन पूलकडे येतं, म्हणून पावसानंतरची सकाळ सगळ्यात जास्त कामाची. ॲलर्जीचं म्हणाल तर पिवळी दिसणारी पाइनची पूड त्यामानाने कमी त्रास देते, डोळे चोळायला लावतं ते ओक, जे डोळ्यांना फारसं दिसत नाही. काम झाल्यावर कपडे बाहेरच बदला आणि डोकं धुवा.

कव्हर कधी काढायचं यावर आमच्या घरात दर वर्षी वाद होतो. पोलन संपेपर्यंत झाकून ठेवावं हे ऐकायला छान, पण पाणी साठ फॅरनहाइटच्या वर गेलं की आत शेवाळ धरायला लागतं आणि जॉर्जियात ते एप्रिलमध्ये सहज जातं. कव्हर सलग प्लॅस्टिकचं असेल तर थांबायला हरकत नाही, मधून मधून कोपरा उचलून क्लोरीन बघा, आणि काढायच्या आधी वरचं पिवळं पाणी कव्हर पंपाने ओढून बाहेर टाका, नाहीतर महिन्याभराचं पोलन एका झटक्यात आत. जाळीचं कव्हर असेल तर त्यातून पोलन आत जातच असतं, तुम्हाला फक्त दिसत नाही, तेव्हा लवकर काढून रोज गाळलेलं बरं.

कर्जत-अलिबागकडे फार्महाऊसवर पूल असलेल्या मंडळींना पाइनचा प्रश्न नाही, पण आंब्याचा मोहोर गळतो तेव्हा स्किमरची बास्केट अशीच भरते, आणि त्यातला सॉक, रिटर्नचं तोंड, प्रेशरचा काटा हे सगळं तिकडेही जसंच्या तसं चालतं.

सीझन संपला कसं ओळखायचं? सलग दोन दिवस सॉक पांढरा निघाला की संपला. मग एक नीट बॅकवॉश किंवा कार्ट्रिज धुऊन काढायचं, टाइल्सवरची पिवळी रेघ ओल्या स्पंजवर खायचा सोडा घेऊन घासायची, पंप परत रोजच्या तासांवर आणायचा. आमच्याकडे ती दोन पांढऱ्या सॉकची तारीख मागच्या वेळी २६ एप्रिल निघाली, फ्रिजवर लिहून ठेवली आहे. अल्गीसाइडची ती बाटली अजून गराजमध्ये पडून आहे, अर्धी, कोणाला हवी असेल तर घेऊन जा.